पवईच्या शेवाळाची करामत

बाजारातून मासळी आणावी की मेथी, ती ज्या पातळ पिशवीतून येते ती कशाची केलेली, हे आम्ही मीरा-भाईंदरकर कधी विचारीत नाही. खाडीला ओहोटी लागली की चिखलात अडकलेल्या त्याच पिशव्या दिसतात, एवढेच. त्या होतात इथिलीन नावाच्या वायूपासून, आणि तो वायू येतो खनिज तेलातून नाहीतर नैसर्गिक वायूतून. गंमत म्हणजे, आढीतला आंबा पिकतो तोही याच वायूमुळे!

महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी पवईच्या आयआयटीतील प्रा. प्रमोद वांगीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोध प्रसिद्ध केला. पवई तलावाच्या पाण्यात त्यांना एक नीलहरित जीवाणू सापडला होता. आपण ज्याला शेवाळ म्हणून नाक मुरडतो, त्याच्याच जातकुळीतला. साध्या हवेवर आणि उजेडावर तो अवघ्या २.३ तासांत दुप्पट होतो. सकाळी सहाला एक पेशी असेल, तर सारे मनासारखे मिळाल्यास संध्याकाळी सहाला सदतीस! साध्या हवेत इतक्या वेगाने वाढणारा नीलहरित जीवाणू तोवर कोणी नोंदवला नव्हता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या संग्रहात त्याची नोंद झाली ती ‘पीसीसी ११८०१’ अशी. मोटारीच्या पाटीवर शोभेल असे नाव, पण आहे अस्सल मुंबईकर.

पुढची करामत २०२० सालची. वनस्पतींना रोग लावणाऱ्या एका जीवाणूकडे इथिलीन बनवण्याचे जनुक असते. ते या पवईकराच्या पेशीत बसवले. नुसते बसवून भागत नाही, ते चालले पाहिजे. म्हणून पेशी आपले निळे रंगद्रव्य ज्या जोमदार कळीने बनवते, तीच कळ त्याच्यापुढे जोडली. मग पेशी हवेतला कार्बन घेऊन दोन वस्तू देऊ लागली : इथिलीन वायू होऊन वर उडते आणि सक्सिनिक आम्ल पाण्यात उरते. निवडण्या-पाखडण्याची फारशी कटकटच नाही!

आता हिशेब. एक ग्रॅम सुक्या पेशींमागे तासाला मिळते सुमारे साडेनऊ मिलिग्रॅम इथिलीन. पाच ग्रॅमच्या एका पिशवीपुरते इथिलीन जमायला, वेग टिकला आणि उजेड अखंड राहिला, तरी बावीस दिवस लागतील. तेलाच्या कारखान्याला याची धास्ती वाटण्याचे तूर्त कारण नाही. शिवाय जीवाणूच्या इथिलीनपासून केलेली पिशवीही खाडीच्या चिखलात तशीच पडून राहील, कारण रेणू तोच.

मला अधिक मोलाचे वाटते ते पाण्यात उरणारे आम्ल. त्यापासून जीवाणू कुजवू शकतील असे प्लॅस्टिक करता येते. आणि पवईच्या त्या पेशी ते इथिलीनच्या तिप्पट रेणूंनी देतात.