मुक्त स्रोत ब्राउझरमधील आज्ञावलीची शुद्धी आणि मराठी लेखन : एक विवेचन

प्रस्तावना :
ज्या संगणकप्रणालीची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, तपासता व सुधारता येते, तिला मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात. नेटस्केप कंपनीने ३१ मार्च १९९८ रोजी आपल्या ब्राउझरची आज्ञावली खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. अशा ब्राउझरच्या आज्ञावलीची शुद्धी कशी होते व मराठी लेखनाशी तिचा संबंध काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शुद्धीचे स्वरूप :
या कार्याचे दोन भाग पडतात. दोषदुरुस्तीत प्रणालीचे चुकीचे वर्तन बदलले जाते. शुद्धीत वर्तन तेच ठेवून रचना सुटसुटीत केली जाते आणि निरुपयोगी भाग काढून टाकले जातात. मोझिलामध्ये दोषाची नोंद 'बगझिला' या नोंदवहीत होते. त्यावर सुचविलेला बदल दुसरा जाणकार तपासतो, स्वयंचलित चाचण्या घेतल्या जातात आणि त्यानंतरच तो स्वीकारला जातो. तथापि, मोठ्या शुद्धीची किंमतही मोजावी लागते. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये जुन्या पद्धतीच्या पूरक साधनांचा आधार काढून घेण्यात आला. त्यामुळे अंतर्गत रचना बदलणे सुकर झाले. परंतु अनेकांची सवयीची साधने बंद पडली.

मराठीच्या दृष्टीने :
उंबरमाळी, खर्डी, कसारा या शहापूर तालुक्यातील परिसराचे वर्णन करताना 'दऱ्या' हा शब्द सहज येतो. तो 'दर्या' असा उमटल्यास सह्याद्रीच्या कुशीत समुद्र अवतरतो. युनिकोडमध्ये 'दर्या'साठी र, हलन्त चिन्ह व य असा क्रम असतो. 'दऱ्या'साठी मात्र नुक्तायुक्त र वापरावा लागतो, किंवा साधा र व हलन्त चिन्ह यांच्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह द्यावे लागते. हे जोडचिन्ह डोळ्यांस दिसत नाही. मराठी न जाणणाऱ्या आज्ञावलीकाराने ते निरुपयोगी समजून गाळल्यास रफार उमटतो आणि अर्थ पालटतो.

ही भीती काल्पनिक नाही. संकेतस्थळांच्या आंतरराष्ट्रीय नावांसंबंधीच्या २००३ च्या नियमांत हे चिन्ह गाळले जात असे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी हलन्त चिन्हानंतर त्यास स्थान दिले. शिवाय, 'दऱ्या'चे दृश्य रूप एकच असले तरी संकेतक्रम दोन आहेत. शोधसुविधेने ते समान न मानल्यास शब्द समोर असूनही सापडणार नाही.

समारोप :
सारांश, आज्ञावलीतील कोणता भाग अनावश्यक आहे हे ठरविण्यास तंत्रज्ञानाइतकेच भाषेचे ज्ञान लागते. चाचणीसंचात 'दऱ्या' व 'दर्या' ही जोडी असेल, तर चुकीची शुद्धी तत्काळ उघडकीस येते. नसेल, तर ती निर्विघ्न पार पडते. असे शब्द निवडणे, अपेक्षित रूप सांगणे आणि दोषाची नोंद करणे यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची आवश्यकता नाही. त्यामुळे महाविद्यालयातील मराठी व संगणकशास्त्र विभागांनी हे कार्य संयुक्त प्रकल्प म्हणून हाती घेणे उचित ठरेल.