‘चारसोबीस’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘त्याच्या नादी लागू नकोस, एक नंबरचा चारसोबीस आहे!’ हे वाक्य समजायला वकील लागत नाही. पण या आकड्याचा उगम आणि अर्थ यांबद्दल बरेच घोळ आहेत.

गैरसमज : हा शब्द राज कपूरच्या ‘श्री ४२०’मुळे आला.
वस्तुस्थिती : चित्रपट १९५५चा. आकडा त्याच्या कितीतरी आधीचा, भारतीय दंड संहितेतला. ही संहिता १८६०मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२पासून अमलात आली. तिचं कलम ४२० फसवणुकीचं. चित्रपटाच्या नावातली गंमतच मुळी ‘श्री’च्या मानाला हे कलम चिकटवण्यात आहे.

गैरसमज : कुठलीही लबाडी म्हणजे ४२०.
वस्तुस्थिती : बोलण्यात थापाड्यापासून भामट्यापर्यंत सगळेच चारसोबीस. कायदा मात्र काटेकोर आहे. फसवणुकीची व्याख्या कलम ४१५मध्ये होती आणि साध्या फसवणुकीला ४१७ लागे. फसवून, अप्रामाणिकपणे एखाद्याला मालमत्ता द्यायला लावली, तर ४२०. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

गैरसमज : उसने पैसे बुडवले की ४२० लागलंच.
वस्तुस्थिती : पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. धंदा बुडाला, म्हणून परतफेड राहिली, तर तेवढ्यावरून हा गुन्हा ठरत नाही. तो दिवाणी वाद. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक अनेकदा स्पष्ट केला आहे.

गैरसमज : अमेरिकेतलं ‘फोर-ट्वेंटी’ म्हणजे हेच.
वस्तुस्थिती : तिथे त्याचा अर्थ गांजा. तो पोलिसांचा सांकेतिक क्रमांक असल्याचंही सांगतात, तेही खोटं. १९७१मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल इथली काही शाळकरी मुलं बेवारस गांजाची रोपं शोधायला दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी जमत. तीच वेळ त्यांची खूण झाली आणि पुढे जगभर पसरली.

गैरसमज : नव्या कायद्यात ४२० गेलं, म्हणजे गुन्हाही गेला.
वस्तुस्थिती : १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तोच गुन्हा तिच्या कलम ३१८(४)मध्ये आहे, शिक्षाही तितकीच. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनं ४२०च लागतं. शिवाय पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या दंड संहिता त्याच १८६०च्या कायद्यातून आलेल्या, त्यामुळे तिथेही फसवणुकीचं कलम ४२०च आहे. आपल्याकडे मात्र यापुढे भामट्याला ‘तीनशेअठरा कंसात चार’ म्हणून शिवी घालायची, तर दमच लागेल!