धोरणाची शाळा आणि कुळाचा अंगठा



रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडींत राहणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त मास्तरानें पुण्याच्या विद्वत्संस्थेविषयीं बोलावें, याचें कोणास नवल वाटेल. त्याचें कारण आधीं सांगतों. दोन वर्षांपूर्वीं एका विद्यापीठाचे चार विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आमच्या वाडींत आले. जमीन किती, कोणाच्या नांवावर, असें त्यांनीं एका वृद्ध बाईस विचारलें. तिनें उत्तरें दिलीं आणि मग उलट विचारलें, "बाळांनो, ह्ये लिवून नेऊन तुमी करनार काय?" मुलें गोंधळलीं. त्यांचा अहवाल वाडीकडे कधीं परत आला नाहीं. म्हातारीचा प्रश्न मात्र माझ्या मनांत राहिला, आणि त्याचें उत्तर शोधीत मी गोखले संस्थेपर्यंत पोंचलों.

नामदार गोखल्यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापन केला. पुढें १९३० सालीं रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगींतून पुण्यास 'गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था' निघाली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. १९६६ पर्यंत त्यांनीं ती चालविली. १९९३ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गाडगीळांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं अर्थशास्त्रास पायीं चालावयास लाविलें. पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यांतील शेती, गोदावरी-प्रवरा कालव्यांचे परिणाम, खुद्द पुणें शहर, अशा विषयांवर तेथून पाहणीचे ग्रंथ निघाले.

पाहणी म्हणजे चार माणसांस भेटून मत बनविणें नव्हे. गांवें निवडावयाचीं तीं चिठ्ठ्या टाकाव्या तशीं. नाहीं तर मोटारीच्या रस्त्यावरचींच गांवें पाहिलीं जातात आणि डोंगरांतली वाडी सुटते. मग घरोघर जाऊन एकच गोष्ट दोन तऱ्हांनीं विचारावयाची आणि तोंडचें उत्तर तलाठ्याच्या दप्तराशीं ताडून पाहावयाचें. त्यानंतर कोष्टकें तयार होतात आणि सहकारी मंडळी तीं समोर घेऊन बसतात. अशा बैठकींत नवशिक्यानें ज्येष्ठाचा आंकडा खोटा पाडला, तरी तो उद्धटपणा ठरूं नये. संशोधकांच्या समाजजीवनाचें मर्म मला त्यांत दिसतें. आमच्या शाळांतून तें शिकविलें जात नाहीं. मीं तरी शिकविलें नाहीं.

संस्थेच्या वार्षिक समारंभाचें व्याख्यानही असेंच मोकळें असे. २९ जानेवारी १९३९ रोजीं तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं संघराज्याच्या योजनेवर कठोर टीका करणारें भाषण केलें. आमच्या महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालीं झाला, त्यानंतरचीं हीं बारा वर्षें. तळ्याच्या पायरीवरून राज्यघटनेच्या प्रश्नापर्यंतची ही वाट महाडकरांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु मला सर्वांत अधिक भिडला तो वि. म. दांडेकर व खुदानपूर यांचा १९५७ चा ग्रंथ. मुंबई राज्यांत १९४८ सालीं कूळकायदा झाला. कुळांस संरक्षण मिळालें. पण तें शेतापर्यंत पोंचलें काय, एवढेंच या पाहणीनें विचारलें. दप्तरांत दिसे, कीं कित्येक कुळांनीं आपण होऊन जमिनी मालकास परत दिल्या! पोटाची जमीन कोण आपण होऊन सोडील? संशोधकांस या राजीखुषीचा संशय आला. पुष्कळ ठिकाणीं कायदा जणूं अस्तित्वांतच नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हें वाचतांना माझा हात थांबला. माझ्या आजोबांनींही असाच राजीनामा दिला होता. खंडाची पावती आहे असें सांगून मालकानें अंगठा घेतला, असें आजी सांगे. १ एप्रिल १९५७ रोजीं, कृषकदिनीं, कसणारा कूळ कायद्यानें मालक ठरला. त्या दिवशीं आमचें नांव दप्तरांत नव्हतें. लहानपणीं ही आमच्या घराचीच दुर्दैवाची गोष्ट आहे असें मी समजत होतों. ग्रंथांत तीच गोष्ट कोष्टक होऊन उभी होती.

१९७१ सालीं दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं दारिद्र्याचें मोजमाप मांडलें. माणशी रोज २२५० उष्मांकांचें अन्न ज्या खर्चांत मिळेल, तेवढाही खर्च १९६०-६१ सालीं ग्रामीण जनतेपैकीं सुमारें ४० टक्क्यांस व नागरी जनतेपैकीं सुमारें ५० टक्क्यांस झेपत नव्हता. गरिबांस काम द्यावें, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला. तो दुष्काळानें आणि चळवळींनीं घडविला. एकट्या पुस्तकानें कायदे होत नाहींत. मात्र सरकारास टाळतां येणार नाहीं असा आंकडा पुस्तकानें पुढें ठेवला.

हें सारें मीं त्या आजींस सांगितलें. त्या म्हणाल्या, "मग गुरुजी, त्या पोरांना सांगा, नुसता कागद बगूं नका. कागदावर आंगठा आमचाच असतो."

त्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठास मीं पत्र घातलें आहे. अहवालाची एक प्रत, मराठींत, आमच्या वाडीस पाठवावी, अशी विनंती केली आहे. ती आली म्हणजे आजींच्या ओटीवर बसून वाचून दाखविणार आहें.