बाळाला मध चाटवताय? वर्षभर थांबा, कारण…

सोन्याची अंगठी मधात बुडवून नवजात बाळाच्या जिभेला लावायची, ही अनेक घरांतली जुनी रीत. पुढे बाळगुटीतही मध येतोच. बालरोगतज्ज्ञ मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नका म्हणतात. का?

मधात कधीकधी ‘क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा वाढू शकत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि नसांवर परिणाम करणारं विष तयार करतात. मध रानातला असो की ओळखीच्या माणसाकडचा, बीजाणू त्यात असू शकतात. घरी उकळून ते मरत नाहीत.

हा आजार, म्हणजे इन्फंट बोट्युलिझम, १९७६ मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. तो दुर्मीळ आहे, पण फसवा. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठतेने होते, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान लुळी पडते. श्वासाचे स्नायूही अशक्त होऊ शकतात, म्हणून लगेच रुग्णालय गाठावं. मध दिला असेल तर डॉक्टरांना न लाजता सांगावं.

‘आम्ही तुम्हाला दिला होता, काय झालं?’ हा आजीचा प्रश्न चुकीचा नाही. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. पण कोणत्या बाटलीत बीजाणू आहेत, हे बघून कळत नाही. बाळाच्या तोंडात पहिल्या तासाभरात जायला हवा तो आईचा चीक.