हक्कदोष, स्थावर मालमत्तेतील

विक्रेत्याच्या मालकीतील ज्या उणिवेमुळे खरेदीदारास निर्वेध हक्क मिळत नाही, तिला हक्कदोष म्हणतात; कमकुवत बांधणी, गळती इ. मालमत्तेतील दोष होत. स्वतःजवळ असलेल्या हक्काहून अधिक हक्क सामान्यतः कोणासही हस्तांतरित करता येत नाही, हे येथील मूलतत्त्व होय. सहहिस्सेदारांची संमती नसणे, आधीचे गहाण, न्यायप्रविष्ट वाद, भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीचे परवानगीविना हस्तांतरण ही हक्कदोषाची प्रमुख कारणे होत. भारतात नोंदणी दस्तऐवजाची होते, हक्काची नव्हे. त्यामुळे नोंदलेले खरेदीखतही सदोष ठरू शकते. सातबारा उताऱ्यातील नोंद खरी मानली जाते. परंतु हे गृहीतक पुराव्याने खोडता येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ज्ञात परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेने न आढळणारे महत्त्वाचे दोष विक्रेत्याने उघड केले पाहिजेत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ खाली जमिनीच्या सदोष हक्कामुळे झालेल्या हानीची भरपाई प्रवर्तकाने द्यावयाची असून तीस मुदतीची बाधा नाही. ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामदोषही त्यानेच विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. तथापि भरपाई मिळेपर्यंत भांडवल अडकून पडते. म्हणून मागील सु. ३० वर्षांच्या दस्तांचा शोध खरेदीपूर्वीच घेण्याची प्रथा आहे.