मुलीने मुंबईत बिऱ्हाड कोठे करावे?

आमच्या मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर 'चाकरमानी' हा शब्द मागील पिढीपर्यंत केवळ पुल्लिंगी होता. मुलगा शिकला, किंवा न शिकता मोठा झाला, की तो मुंबईस जावयाचा. गिरणगावातील एखाद्या चाळीत गावच्या मंडळाची खोली असावयाची. तीत पंधरा-वीस गाववाले पाळीपाळीने निजावयाचे, खानावळीत जेवावयाचे, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर घरी पोचावयाची. आपल्या पांढरपेशा घरांतील मुलगा असला, तर तो गिरगावात मामाच्या किंवा आतेच्या दोन खोल्यांत गॅलरीच्या कडेला वळकटी पसरी. त्याने राहावे कोठे, हा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवतच नसे. कारण त्याचे उत्तर गावाने व नात्याने पूर्वीच देऊन ठेविलेले असे. आज नोकरीचा कागद हाती घेऊन मुलगी उंबरठ्यावर उभी आहे, आणि तिच्यासाठी असे तयार उत्तर कोणापाशीही नाही.

उत्तर नसले म्हणजे काय होते हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या एका हुशार मुलीस, गणित घेऊन पदवी मिळविल्यानंतर, मुंबईतील एका पेढीत चांगल्या पगाराची जागा मिळाली. रुजू होण्यास पंधरा दिवसांची मुदत होती. आजोबा म्हणत, आतेकडे राहावे. आतेकडे आधीच सहा माणसे. काका म्हणत, आपल्या लोकांची वस्ती डोंबिवलीस आहे, तेथेच पाहावे. आईस वसतिगृह बरे वाटे, तर आजीस मुळात मुंबईच नको होती. पडवीवर रोज संध्याकाळी या विषयाचा काथ्याकूट होई. जिला जावयाचे तिला मात्र कोणी विचारले नाही. पंधरा दिवस संपले, जागा दुसऱ्यास गेली. ती आज गावातच मुलांच्या शिकवण्या घेते. शिकवण्या घेणे हे हलके काम आहे असे शाळामास्तराने तरी म्हणू नये. परंतु हे काम तिने निवडलेले नाही, ते तिच्या वाट्यास आले आहे. घरातील कोणी तिचे वाईट चिंतीत होते असेही नव्हे. सर्वांची काळजी खरी होती, आणि त्या काळजीपायीच तिची नोकरी गेली.

एकट्या स्त्रीने मुंबईत कोठे राहावे हा प्रश्न कालपरवाचा आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी १८८९ साल आठवावे. त्या वर्षी मार्च महिन्यात पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आपल्याच कोकणातील देवरुखची गोदूबाई जोशी ही बालविधवा आपल्या भावाच्या आधाराने मुंबईस आली होती. भावाचे बिऱ्हाड त्याचे मित्र धोंडो केशव कर्वे यांच्यासह गिरगावात होते. भावाचे घर असतानाही तिला शिकावयाचे तर सदनात राहणे इष्ट, असा निर्णय त्या मंडळींनी घेतला, आणि ती सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. पुढे १८९३ मध्ये ती आनंदीबाई कर्वे झाली हे सर्वविश्रुतच आहे. मला येथे लक्षात आणून द्यावयाचे ते एवढेच, की सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीही विचारी माणसांनी 'नात्याचे घर' आणि 'सोयीचे घर' यांत भेद केला होता.

तो भेद आजही करावा लागतो. नातेवाइकांचे घर पहिल्या महिना-दोन महिन्यांसाठी उत्तम. त्यापुढे दोन खोल्यांच्या संसारात एक तरुण मुलगी कायमची आली, की पाहुणी म्हणून तिची भीड आणि घरची म्हणून तिच्यावरची कामे या दोन्ही गोष्टी एकदमच वाढू लागतात. यजमानीण मनाने कितीही मोठी असली, तरी स्नानगृह एकच असते. त्याहून मोठी अडचण अंतराची. आपण गावी बसून 'मुंबईत आपले घर आहे' असे म्हणतो. पण बोरिवलीस मावशी आणि ऐरोलीस कचेरी असेल, तर त्या घराचा उपयोग मुलीस रविवारी जेवावयास जाण्यापुरता.

म्हणून पहिला विचार कचेरीच्या जागेचा. एके काळी मुंबईतील नोकरी म्हणजे फोर्ट, असे समीकरण होते. आता कचेऱ्या चहूकडे विखुरल्या आहेत : वांद्रे-कुर्ला संकुल आहे, १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या बंद पडत गेल्या त्यांच्या जागी लोअर परळला काचेचे मनोरे उभे राहिले आहेत, अंधेरीस सीप्झ, तसेच पवई, ठाणे, ऐरोली ही ठिकाणे आहेत. मुंबईतील अंतर मैलांनी मोजू नये. ते मिनिटांनी, आणि गाड्या किती ठिकाणी बदलाव्या लागतात यावरून मोजावे. त्यातही गर्दीची दिशा पाहावी. सकाळी लोंढा दक्षिणेकडे वाहतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततो. जी मुलगी दादरला राहून ठाण्याकडे कामास जाते, ती या लोंढ्याच्या विरुद्ध जाते व पुष्कळदा बसून जाते. जी डोंबिवलीहून फोर्टात येते, तिला सकाळच्या गाडीत पाय टेकण्यापुरती जागा मिळाली तरी ती भाग्याची. ही केवळ सुखासीनतेची गोष्ट नव्हे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली व काही प्राणांस मुकली. वास्तुशास्त्रात दाराची दिशा पाहतात. मुंबईत लोकलची दिशा आधी पाहावी असे माझे मत झाले आहे.

बायकांच्या डब्याची सोय हा मुंबईचा मोठाच गुण. केवळ स्त्रियांसाठी अशी स्वतंत्र गाडी पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू केली. रात्री उशिरा या डब्यांत पोलीस किंवा गृहरक्षक ठेवण्याची पद्धत आहे. गाडीत मुलगी एकटी नसते. ती एकटी पडते ती स्टेशनच्या जिन्यावरून उतरल्यानंतर घराच्या दारापर्यंत. सर्व विचाराची गोम येथे आहे. वस्ती कितीही नामांकित असो. स्टेशनपासून घर पायी दहा-बारा मिनिटांत यावे, वाटेवर दिवे असावेत, औषधांचे किंवा दुधाचे एखादे दुकान रात्री दहापर्यंत उघडे असावे, आणि ती वाट मैदानाच्या कडेने किंवा रेल्वेच्या भिंतीलगतच्या बोळातून जाऊ नये. घर पाहावयास आपण जातो ते सकाळी, दलालाच्या सवडीने, उन्हात. तेच घर रात्री साडेनऊला स्टेशनावरून चालत जाऊन पुन्हा पाहावे. मुलीने स्वतः चालून पाहावे. बरोबर कोणी असल्यास त्याने दहा पावले मागे राहावे, म्हणजे तिला खरी परीक्षा होईल. वाटेत बायका ये-जा करीत आहेत काय, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

आता काही वस्त्यांविषयी. गिरगावावर आमच्या पिढीचा जीव. १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसविणारी केशवजी नाईकांची चाळ तेथलीच. पण जुन्या चाळींतील खोल्या बहुधा पागडीच्या. त्या नवख्या भाडेकरूस रीतसर मिळणे कठीण, आणि मिळाल्या तर सामाईक संडासाची तयारी ठेवावी लागते. नव्या मनोऱ्यांतील जागा नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलीच्या आवाक्यातील नव्हे. मात्र २०२५ पासून भुयारी मेट्रो गिरगावाखालून धावू लागल्यामुळे तेथून वांद्रे-कुर्ला संकुलास व अंधेरीकडे जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सुकर झाले आहे.

दादरची हिंदू कॉलनी व तिच्या आसपासचा भाग मला सर्वांत पसंत. १८९६ च्या प्लेगानंतर स्थापन झालेल्या सुधार-मंडळाने हा भाग आखून वसविला. रुंद रस्ते, झाडांची सावली आणि शाळा-वाचनालयांचा शेजार त्यामुळे लाभला. मध्य व पश्चिम दोन्ही मार्ग दादरला मिळतात. शिवाय आपल्याकडून संध्याकाळी निघणारी तुतारी एक्सप्रेस सकाळी दादरलाच थांबते आणि कोकणकन्येलाही तेथे थांबा आहे. तेव्हा नारळ, कोकमे आणि आजीने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन उतरणाऱ्या मुलीस ही गोष्ट लहान नव्हे. भाडे मात्र जबर. विलेपार्ले हे त्याच जातीचे दुसरे गाव. १९२१ ची टिळक विद्यालय ही शाळा आणि १९२३ चा लोकमान्य सेवा संघ यांच्याभोवती तेथील मराठी वस्ती वाढली. मुले परदेशी गेल्यामुळे घरी एकटी उरलेली वृद्ध जोडपी तेथे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे एक खोली घेऊन राहणे दोघांसही सोयीचे पडते. ठाणे व डोंबिवली येथे भाडे कमी, मराठी शेजार भरपूर, आणि दिवा-सावंतवाडी गाडी जवळ. कचेरी त्याच बाजूस असेल तर अवश्य पाहावे, नसेल तर वर सांगितलेली गर्दी आठवावी.

पाऊस आम्हां मालवणकरांस नवा नाही; पण आमच्याकडे तो रेतीत मुरतो, मुंबईत तुंबतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. दादरजवळचे हिंदमाता, किंग्ज सर्कल, सांताक्रूझचा मिलन सबवे ही पाणी साचण्याची प्रसिद्ध ठिकाणे होत. तळमजला स्वस्त मिळतो त्याचे कारण विचारून घ्यावे. नळास पाणी किती वाजता येते हेही शेजारणीस विचारावे, दलालास नव्हे. नोकरी करणाऱ्या मुलीच्या घरी भर दुपारी पाणी येऊन काय उपयोग?

घरमालकांच्या अटी हा एक स्वतंत्रच अध्याय आहे. एकट्या मुलीस जागा देण्यास अनेक सोसायट्या कुरकुर करतात; देतात तेव्हा ती किती वाजता परतणार, भेटीस कोण येणार, लग्न केव्हा करणार, येथवर चौकशी चालते. आमच्या किनाऱ्यावरील सारस्वत मुलींपुढे आणखी एक संकट असते, ते बांगड्याचे. पुष्कळ इमारतींत 'फक्त शाकाहारी' ही अट घालतात, आणि बामणाची मुलगी मासे खाते हे ऐकून मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते वर्णन करण्याजोगे असते. खोटे सांगून जागा मिळवू नये. खोटेपणाने मिळविलेल्या घरात मुलगी स्वतःच्या स्वयंपाकघरातही दबून राहते, आणि घर घेण्याचा हेतूच फसतो. त्याचप्रमाणे रात्री नऊला फाटक लावण्याची अट पुष्कळ वडीलधाऱ्यांस आवडते. पण जिची कचेरी आठला सुटते तिच्यासाठी त्या अटीचा अर्थ, गाडी चुकली की रस्त्यावर उभे राहणे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्याप्रमाणे स्त्रीस रात्री साडेनऊनंतर कामास ठेवावयाचे तर तिची संमती लागते, आणि तिच्या संरक्षणाची व घरापर्यंत पोचविण्याची व्यवस्था मालकाने करावयाची असते. ही व्यवस्था आहे की नाही हे कचेरीत आधीच विचारण्यात मुलीने संकोच मानू नये.

पहिल्या वर्षासाठी नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह मला सर्वांत बरे वाटते. केंद्र सरकारची अशा वसतिगृहांना साहाय्य देण्याची योजना १९७२-७३ पासून चालू आहे. तिला आता 'सखी निवास' म्हणतात. वाय. डब्ल्यू. सी. ए. या संस्थेचीही वसतिगृहे मुंबईत आहेत. जागा थोड्या व मागणी फार. राहण्याची मुदत मर्यादित. म्हणून नोकरीचा कागद येताच अर्ज धाडावा. त्या वर्षात मुलगी शहर ओळखते, मैत्रिणी जोडते, आणि मग दोघी-तिघींनी मिळून जागा घेतली तर भाडे विभागले जाते व आजारपणात कोणी तरी उशाशी असते. मैत्रिणी जातीच्याच हव्यात असा आग्रह काही घरी धरतात. माझा अनुभव असा, की वेळेवर भाडे देणारी, ओटा पुसून ठेवणारी आणि दुसरीचे दूध न पिणारी मुलगी कोणत्याही जातीत मिळते, व कोणत्याही जातीत न मिळण्याचाही संभव असतो.

शेवटी कागद. भाडे या शब्दाचे मूळ संस्कृत 'भाटक' होय, म्हणजे व्यवहार जुनाच. परंतु तोंडी व्यवहारावर विसंबून चालत नाही. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी करून नोंदविणे आवश्यक आहे. नोंदविण्याची जबाबदारी जागामालकाची आहे, आणि ती न पाळल्यास त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. बहुधा अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करतात. त्यावरील मुद्रांक शुल्क शेकडा पाव इतकेच, व शहरात नोंदणी फी हजार रुपये. एवढे वाचविण्यासाठी जो मालक 'नोंदणी कशाला?' म्हणतो, त्याची जागा सोडून द्यावी. अनामत रक्कम किती, ती केव्हा व कोणत्या कपातीने परत मिळेल, मुदतीपूर्वी जागा सोडल्यास किती दिवसांची सूचना द्यावी, हे करारात अक्षरशः लिहून घ्यावे. अनामत बँकेतून द्यावी, रोख नव्हे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास कळविण्याची रीत आहे, तीत अपमान मानण्याचे कारण नाही. अडचणीत मुंबई पोलिसांचा १०३ आणि सर्वत्र चालणारा ११२ हे क्रमांक मुलीस पाठ असावेत.

आणि करारावर नाव मुलीचे असावे. काकांचे किंवा मामांचे नव्हे. भाडे तिच्या पगारातून जावयाचे आहे आणि रात्री दार आतून लावून निजावयाचे आहे तेही तिलाच. वडिलांनी बरोबर जावे, मुद्दे विचारावेत, साक्षीदार म्हणून सही करावी, आणि जागेची दुसरी किल्ली मुलगी सांगेल त्या मैत्रिणीपाशी ठेवून संध्याकाळच्या गाडीने परतावे.