हौद्याचा हिशेब

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं, धानपट्ट्यातलं गाव. अशा गावात कुणी चारचाकी मालवाहू घ्यायची म्हटली की चौकातली चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरते: कंपनी कोणती आणि कितीला पडते? एकाला टाटाचा छोटा हत्ती हवा असतो, दुसरा बोलेरो पिकअपच्या बाजूने भांडतो, तिसरा मारुतीचा पेट्रोल खर्च सांगतो, आणि शेवटी जो डीलर दहा हजार सोडतो त्याच्याकडे सौदा होतो. एवढ्यावरच तुलना संपवणं महागात पडतं, असं माझं मत आहे. या गाड्या विकल्या जातात कंपनीच्या नावाने, पण घेणारा विकत घेतो तो हौद्यात कायद्याने नेता येणारा भार आणि गाडी रस्त्यावर उभी राहील ते दिवस. या दोन गोष्टींनी भागून पाहिल्याशिवाय शोरूमच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

या वर्गाचा इतिहासच हे सांगतो. २००५च्या मे महिन्यात टाटा मोटर्सने ‘एस’ ही गाडी आणली, तेव्हा बाजारात एका टोकाला तीनचाकी टेम्पो होते आणि दुसऱ्या टोकाला १९८६पासून धावणारा टाटाचाच ४०७ ट्रक. मधली जागा मोकळी होती. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने किंमत आधी ठरवली आणि गाडी नंतर घडवली. इंडिकाचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन अर्ध्यावर आणून ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं केलं. ताकद जेमतेम सोळा अश्वशक्ती, भार ७५० किलो, किंमत सुमारे सव्वादोन लाख. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ केलं आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत अशा वीस लाख गाड्या विकल्या गेल्या. मागून आलेल्या प्रत्येक स्पर्धकाने आपली जागा वजनाच्या शिडीवरच शोधली. अशोक लेलँडचा ‘दोस्त’ २०११ मध्ये सव्वा टनाला आला, महिंद्राचा ‘जीतो’ २०१५ मध्ये हत्तीच्याही खालच्या पायरीवर, मारुतीची ‘सुपर कॅरी’ २०१६ मध्ये हत्तीच्याच पायरीवर. टाटाने २०१९ मध्ये ‘इंट्रा’ आणून वरची पायरी धरली आणि जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ चार लाखांच्या आत, पुन्हा ७५० किलोला आणली. म्हणजे ज्याला आपण कंपन्यांची तुलना म्हणतो, ती पुष्कळदा वेगवेगळ्या वजनगटांची तुलना असते. साडेसातशे किलोची गाडी सव्वा टनाच्या गाडीपेक्षा दोन-तीन लाखांनी स्वस्त दिसली, तर त्यात कंपनीचा काही मोठेपणा नाही.

आता हा भार धानाच्या भाषेत मांडू. आधारभूत खरेदी केंद्रावर चाळीस किलोचा कट्टा चालतो. साडेसातशे किलो म्हणजे अठरा कट्टे, वर तीस किलो शिल्लक. पण हा आकडा कंपनीच्या उघड्या हौद्याचा. दिवाळीनंतर इकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, एरवी आठवडी बाजार असतातच. तिथे कापड, भांडी, मनिहारी घेऊन फिरणारा दुकानदार उघडा हौदा ठेवत नाही. तो मिस्त्रीकडून बंद बॉडी बांधून घेतो. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा, एका बाजूला दोन झडपा. वरची झडप उचलून टेकू दिला की गिऱ्हाइकाला सावली होते, खालची साखळीवर आडवी पडली की गल्ला मांडायला फळी होते. आत हुकांच्या रांगा, टपावर गुंडाळलेली ताडपत्री, आणि मुक्काम पडलाच तर मालाच्या गठ्ठ्यांवर पथारी. बॉडी मोठी सोयीची, पण तिचं वजन जातं ते मालाच्या वाट्यातून. समजा, असा सांगाडा दीडशे किलोचा झाला. अठरा कट्ट्यांची गाडी त्या क्षणी पंधरा कट्ट्यांची झाली. किंमत तीच, हप्ता तोच, कमाईची जागा सहाव्या हिश्श्याने कमी. सीएनजीचंही तसंच. टाकीचं वजन भारातून वजा होतं, आणि एकाच मॉडेलच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांच्या भारात शंभराहून जास्त किलोंचा फरक पडू शकतो. इंधन स्वस्त म्हणून सीएनजी घेणाऱ्याने हे कट्टेही मोजावेत, आणि पंप रोजच्या फेरीच्या वाटेवर आहे का तेही पाहावं.

बॉडीच्या वजनाचं हे गणित परदेशातही चुकतं. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यावर बसवायच्या घडीच्या खोल्या मिळतात. चालताना छप्पर खाली दबलेलं, मुक्कामी वर उचललेलं, मधे कापडी भिंती. तिथला ग्राहकही कंपन्या आणि किमती ताडून पाहतो, आणि फसतो तो नेमका इथेच. माहितीपत्रकातलं वजन कोरड्या खोलीचं असतं. पाणी, गॅस, बॅटरी, अंथरूण आणि माणसं चढली की पिकअपच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेली भारमर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. आपल्याकडे बोलेरोच्या दुहेरी केबिनच्या पिकअपला ‘कॅम्पर’ म्हणतात, पण ती मुक्कामाची गाडी नाही. महिंद्राने २०२२ मध्ये एका कॅम्परव्हॅन बनवणाऱ्या कंपनीशी करार करून याच गाडीवर राहण्याची खोली बसवायचं जाहीर केलं होतं. नवेगाव-नागझिऱ्याच्या पर्यटकांसाठी गोंदिया जिल्ह्यात कुणी तसं काही करू पाहिलंच, तर त्यालाही मंडईतल्या कापडवाल्याचंच गणित सोडवावं लागेल.

त्या गणिताला कायद्याच्या दोन बाजू आहेत आणि किमतीच्या तुलनेत त्या कुणी धरत नाही. पहिली बाजू तीन टनांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालवाहूला परमिट लागत नाही. छोटा हत्ती आणि त्याच्या पायरीवरच्या गाड्या यात आरामात बसतात. पावणेदोन टन भार नेणाऱ्या पिकअप मात्र बाहेर जातात. दुसरी बाजू बॉडीची. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला सोडून गाडीत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं आहे. म्हणून बंद बॉडी लागणारच असेल तर ती पासिंगच्या आधी बांधून कागदावर तशी चढवून घेणं हिताचं. उघडा हौदा पास करून मागाहून पत्रा ठोकला तर पाच-दहा हजार वाचल्यासारखे वाटतात. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस आला की ते कुठे गेले ते समजतं.

आता पैशाकडे. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचं कोटेशन किंवा शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेली किंमत तुलनेला घेऊ नये. एक्स-शोरूमवर विमा, राज्याचा कर, नोंदणी आणि बॉडी चढते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्याजाकडे मात्र डोळेझाक होते. सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी अकरा टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,०४५ रुपये बसतो, तेरा टक्क्यांनी घेतलं तर सुमारे १३,६५०. महिन्याला सहाशे रुपये म्हणजे काहीच नाही, असं फायनान्सवाला म्हणेल. पाच वर्षांत ते छत्तीस हजार होतात. डीलरशी दहा हजारांसाठी दोन तास घासाघीस करणारा माणूस व्याजाच्या कागदावर दोन मिनिटांत सही करतो, हे मला कधीच उमगलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पासिंगचा भार पाळतो कोण? हत्तीत टन-सव्वा टन जातोच, मग कागदावरच्या किलोंना काय करायचं? वस्तुस्थिती म्हणून हे खरं आहे. पण २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आहे, वर दर जादा टनाला दोन हजार. शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा खर्च मालकाचा. एका दंडात कित्येक फेऱ्यांचं भाडं जातं. त्याहून मोठा खर्च पाटे, टायर, क्लच आणि ब्रेकचा, तो पावतीवर एकरकमी दिसत नाही म्हणून जाणवत नाही. जो रोजच सव्वा टन नेणार आहे त्याने सव्वा टनाची गाडी घ्यावी. साडेसातशेची घेऊन तिच्यावर सव्वा टन लादणं हा स्वस्ताईचा भास आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावात नावच चालतं, असं लोक म्हणतात. ज्या कंपनीचा मेकॅनिक जवळ, सुटा भाग तिरोड्याला नाहीतर गोंदियाला मिळतो आणि जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक दारात येतं, तीच खरी गाडी. हे मी मान्य करतो, एका दुरुस्तीसह. एप्रिल २०२०पासून बीएस-६ आल्यावर इंजिन सेन्सरवर चालतं आणि बऱ्याच बिघाडांना स्कॅनर लागतो. पान्हा-हातोड्याच्या मिस्त्रीचा पूर्वीचा उपयोग तेवढा राहिला नाही. म्हणून नावाऐवजी अंतर विचारावं: या कंपनीचं बीएस-६ दुरुस्त करणारं वर्कशॉप गोंदियात आहे, की गाडी नागपूरला न्यावी लागेल? खरेदी केंद्र सुरू असताना किंवा मंडईच्या हंगामात गाडी आठवडाभर नागपुरात पडली, तर किमतीत वाचवलेले पैसे तिथेच संपतात. जुनी गाडी घेणाऱ्यालाही हाच प्रश्न, थोड्या कडक भाषेत. मालवाहूचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं, तेव्हा सात वर्षांची गाडी स्वस्त का मिळते याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

विजेच्या गाडीबद्दल थोडक्यात. टाटाची एस ईव्ही २०२२ मध्ये आली. ठरलेली छोटी फेरी आणि रात्री घरी चार्जिंग, असं काम असणाऱ्याला ती परवडू शकते. लग्नसराईत रात्री-बेरात्री कुठेही जावं लागणाऱ्या मंडप-डेकोरेशनवाल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दवनीवाड्यासारख्या गावातल्या घेणाऱ्याला मी तरी असं सांगेन. कापड, प्लास्टिक, किराणा, कुरमुरे असा हलका पण जागा खाणारा माल असेल तर साडेसातशे किलोची पेट्रोल गाडी पुरे. बॉडी हलकी बांधून घ्या आणि भरल्या गाडीचं वजन पहिल्याच आठवड्यात वजनकाट्यावर करून पाहा. धान, खत, सिमेंट, विटा असा माल असेल तर सव्वा टनाच्या आतली गाडी घेऊच नका, मग ती कोणत्याही कंपनीची असो. आणि कोटेशन मागताना प्रत्येक डीलरकडून तीन आकडे लेखी घ्या: बॉडीसकट ऑन-रोड किंमत, नोंदणीत चढणारा भार किलोंमध्ये, आणि पूर्ण मुदतीत भरायची एकूण रक्कम. जो डीलर दुसरा आकडा लिहून द्यायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडे बयाणा देऊ नका.